डाळिंबी शालू आणि १४४ हर्ट्झ : प्रस्तावना

लग्नाचा अल्बम छापून आला की तो पहिल्यांदा उघडायचा मान नवरीच्या आईचा. आमच्या दुकानात तरी तशी रीत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका माउलीने चार पानं उलटली, पाचव्यावर थांबली आणि अल्बम मिटून ठेवला. तोंडाने काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत घालून शालूच घेऊन आली, माझ्या टेबलावर मॉनिटरच्या शेजारी पसरला आणि म्हणाली, "दादा, ह्यो डाळिंबी हाय. तुमी वांगी केलाय."

बाकी कुठल्याही रंगात आम्हा सांगोलेकरांना कुणी फसवेल, डाळिंबीत नाही. सालीचा रंग बघून सौद्यात फळाला भाव मिळतो, हे इथे शाळेतल्या पोरालाही कळतं.

मी अर्थातच आधी लॅबवर खापर फोडलं. तावातावाने तिथे गेलो. तिथल्या मुलाने माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली. शालू तिथेही वांगी. म्हणजे छपाईत काही बिघडलं नव्हतं, फाइलच मी वांगी करून पाठवली होती. माझ्या पडद्यावर तो शालू विटकरी दिसत होता, म्हणून मी त्यात निळा ढकलत गेलो, डाळिंबी दिसेपर्यंत ढकलत गेलो. पडद्याचं खोटं मी माझ्याच हाताने फोटोत उतरवलं होतं. पानं पुन्हा छापली, माझ्या खर्चाने. हे पुस्तक त्या खर्चातून सुरू झालं.

पूर्ण मात्र झालं भाच्यामुळे. तो शिकायला म्हणून माझ्याकडे राहिला. दिवसा दुकानात फ्लेक्सची अक्षरं जुळवायचा आणि रात्री शटर अर्धं ओढून त्याच मशीनवर व्हॅलोरंट खेळायचा. नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने एकच अट घातली, "मामा, एकशे चव्वेचाळीसच्या खाली नको." माझीही अट एकच होती : डाळिंबी डाळिंबीच दिसला पाहिजे. पैसे एकाच मॉनिटरचे होते.

या दोन अटी एका पडद्यात बसतात का, हा पुस्तकाचा विषय. पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर कुठल्याही जाणत्याने नाही म्हणून सांगितलं असतं. आज बसतात, पण खोक्यावर जे छापलेलं असतं ते वाचून घेतलात तर बहुधा नाही बसणार.

थोडं मागे जातो. रंगाचं काम आमच्याकडे पूर्वी पेंटर करायचे. दुकानाची पाटी, निवडणुकीची भिंत, ट्रकच्या फाळक्यावरचा मोर. डबा उघडला की आत जो रंग तोच भिंतीवर लागायचा. मग फ्लेक्स आलं आणि पेंटरच्या डब्याच्या जागी मॉनिटर आला. योगायोग म्हणजे त्या पहिल्या काचेच्या नळीच्या मॉनिटरलाही आम्ही डबाच म्हणायचो. आज त्याची टिंगल होते. पण खरं सांगायचं तर तो डबा दोन गोष्टींत सरळ होता : कुठूनही बघा, रंग तोच, आणि पडद्यावर काही धावलं तर ते फराटा न ओढता धावायचं.

त्याच्यामागून सपाट पडदे आले. टेबलावर जागा झाली, विजेचं बिल उतरलं, आणि रंगाची वाट लागली. स्वस्तातले बहुतेक पडदे टीएन जातीचे होते. त्यांच्यासमोर ताठ बसलं की शालू एक रंगाचा, खुर्चीत जरा घसरून बसलं की दुसऱ्या. माझा तो गुन्हेगार मॉनिटर याच जातीचा. शिवाय त्यातले पुष्कळसे पडदे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६४ पायऱ्याच दाखवू शकत, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. मधल्या पायऱ्या डोळ्याला भासाव्यात म्हणून ठिपके भराभर लुकलुकवायचे, आणि खोक्यावर १ कोटी ६७ लाख लिहायचं. चांगल्या पडद्यात दर रंगाच्या २५६ पायऱ्या खरोखर असतात, त्यांचाच गुणाकार तेवढा होतो. टीएनचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे, तो चपळ होता. म्हणून खेळणाऱ्या पोरांनी टीएन घ्यायचा आणि फोटोवाल्यांनी आयपीएस, अशी वाटणीच झाली होती. आयपीएस हिताची कंपनीने १९९६ च्या सुमाराला बाजारात आणलं. रंगाला खरं, कोन बदलला तरी स्थिर, पण हालचालीला सुस्त. ती सुस्ती घालवायला वीसेक वर्षं गेली. २०१९ मध्ये एलजीने वेगवान आयपीएस पडदे आणले, बाकीच्यांनी ते उचललं, आणि मामा-भाच्याची भांडणं मिटण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली.

आता रंगाचं. रंग खरा म्हणजे काय? पडदा भडक असला की गिऱ्हाइकाला तो चांगला वाटतो, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून दुकानात मांडलेल्या प्रत्येक पडद्यावर पोपट, मिरच्या आणि रंगपंचमी चालू असते. पण खरेपणाचा भडकपणाशी काही संबंध नाही. रंगाचा खरेपणा हा एक करार आहे. कॅमेऱ्याने 'लाल, अमुक इतका' असं लिहून ठेवलं, तर पडद्याने तेवढाच लाल दाखवायचा, कमी नाही, जास्तही नाही. या कराराचं नाव एसआरजीबी. तो १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडला, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि तुमच्या मोबाइलमधले बहुतेक फोटो, बहुतेक गेम, बहुतेक व्हिडिओ आजही त्याच्याच आसपास बोलतात.

आता गंमत बघा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा घेतला तर त्यावर '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात असतं. एनटीएससी हे अमेरिकन टीव्हीचं १९५३ सालचं जुनं माप. त्या मापाने ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. तेव्हा ४५ टक्केवाला पडदा लालाच्या टोकाला पोचतच नाही. कुंकू विटेच्या भुकटीसारखं दिसतं. ज्या गावाने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार केलं, तिथे लाल बावट्याचा फ्लेक्स विटकरी छापून बघा, कार्यकर्ते दुकानात कसे येतात ते कळेल.

उलट टोकाला महागडा 'वाइड गॅमट' पडदा. त्याच्याकडे एसआरजीबीपेक्षा जास्त लाल आणि जास्त हिरवा असतो. खोक्यावर '९५ टक्के डीसीआय-पी३' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. माणसाला वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. पण साधा एसआरजीबी फोटो त्याच्यावर काही बंधन न घालता उघडला, तर तो प्रत्येक लाल ओढून ताणून आपल्या टोकाला नेतो. भगवा जातीचं डाळिंब, जे आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलं आणि ज्याने जुन्या गणेश जातीला मागे सारलं, ते मुळातच गडद शेंदरी-लाल. तसल्या पडद्यावर ते असं पेटतं की फळ आहे की सिग्नल, कळत नाही. बागायतदार खूश होतो. मग तोच फोटो व्यापाऱ्याच्या साध्या पडद्यावर उघडतो आणि फिका पडतो.

हे नुसतं कौतुकाचं प्रकरण राहिलेलं नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच सुटली, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारपर्यंत. एवढ्या लांबचा घेणारा आधी फोटो बघतो. माझ्याकडे खोक्याचं लेबल करायला येणारे काही जण हळूच म्हणतात, "जरा लाल वाढवा की ओ." मी वाढवत नाही असं नाही. पण किती वाढवलं ते मला कळलं पाहिजे, आणि ते खऱ्या पडद्याशिवाय कळत नाही.

म्हणून वाइड गॅमट पडदा वाईट असं मी म्हणत नाही, मीही शेवटी तसलाच घेतला. फक्त त्याला एसआरजीबी मोड आहे का, आणि तो मोड लावल्यावर उजेड कमी-जास्त करता येतो का, एवढं बघून घ्या. काही कंपन्या मोड देतात आणि उजेडाचं बटण कुलूपबंद करून टाकतात. हे दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं, आणि कुणीच तपासत नाही.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, 'डेल्टा ई २ पेक्षा कमी'. मागितलेला रंग आणि दाखवलेला रंग यांतलं अंतर मोजायचं हे माप. एकच्या आसपासचा फरक नजरेला जेमतेम जाणवतो, दोनच्या आत असला तर आपल्या कामाला भरपूर झालं. फक्त तो आकडा कुठल्या मोडमधला, हे विचारा. कारखान्यात मोजलेला कागद खोक्यात असेल तर उत्तम. तो बहुधा एसआरजीबी मोडमधला असतो आणि आपण मॉनिटर चालवतो गेम मोडमध्ये.

काळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. पंढरपूर आमच्यापासून तासाभरावर. तिथला बुक्का कपाळाला लावलेल्या वारकऱ्याचा फोटो हा माझा परीक्षेचा फोटो आहे. आयपीएस पडद्याच्या मागे दिवा सतत जळत असतो आणि तो पूर्ण झाकता येत नाही, त्यामुळे त्याचा काळा म्हणजे राखेचा काळा. पांढऱ्याच्या मानाने तो हजारपट गडद असतो. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण रात्री दिवा मालवून बसलात की बुक्का राखाडी दिसतो. व्हीए जातीचा पडदा तीन हजारपटीपर्यंत सहज जातो, बुक्का तिथे बुक्क्यासारखा. पण व्हीए काळ्यातून बाहेर यायला आळशी. अंधाऱ्या खोलीतून कुणी पळालं तर त्याच्यामागे शाईचा फराटा उमटतो. भाच्याने पाच मिनिटं खेळून बघितलं आणि म्हणाला, "मामा, माणूस पळतोय का काजळ पुसतंय?" शिवाय व्हीएत बाजूने बघताना गडद रंग फिके होतात, म्हणजे अल्बमच्या कामाला तो बादच.

मग ओलेड. प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि विझतो, त्यामुळे काळा म्हणजे संपूर्ण काळा आणि हालचाल विजेसारखी. खेळायला याच्यापुढे काही नाही, आणि रंगही चांगले. तरीही दुकानासाठी मी तो घेतला नाही. दिवसाचे दहा तास डिझाइनच्या सॉफ्टवेअरची तीच पट्टी तिथेच उभी असते, आणि ओलेडवर एकाच जागी उभं राहिलेलं चित्र हळूहळू डाग होऊन बसतं. दुसरं कारण अक्षराचं. पुष्कळशा ओलेड पडद्यांत लाल, हिरवा, निळा या ठिपक्यांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे बारीक अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते. इंग्रजी वाचणाऱ्याला ती एक वेळ चालेल. आपल्याला रफार, अनुस्वार आणि उकार सांभाळायचे असतात. 'सौ. कां.' वरचं टिंब फ्लेक्सवर गेलं नाही म्हणून मी शिव्या खाल्ल्या आहेत.

अक्षरावरून आठवलं, आकार आणि बारकावा यांचं गणित नीट बघा. २७ इंची पडद्यावर १९२० × १०८० ठिपके म्हणजे इंचाला ८२ च्या आसपास. जोडाक्षरांना पायऱ्या पडतात. तेवढेच ठिपके २४ इंचीत इंचाला ९२ होतात, ते चालतं. २७ इंची घ्यायचा तर २५६० × १४४० घ्या, इंचाला १०९. देवनागरी त्यावर खरोखर सुबक दिसते. फोरके अजून सुबक, पण ते ठिपके गेममध्ये भराभर रंगवायला जे ग्राफिक कार्ड लागतं त्याच्या पैशात एक शेळ्यांचा वाडा उभा राहील.

पांढऱ्या आणि काळ्याच्या मधलं जग बघायचं असेल तर रविवारी सकाळी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जा. खिलार बैल लांबून सगळे पांढरेच दिसतात. जवळ गेलं की कुणी कोसा, कुणी काजळी, कुणाच्या खांद्यावर धुरकट झाक, कुणाच्या मानेवर राखेचा हात फिरवल्यासारखा. घेणारे त्या छटांवर घासाघीस करतात. आता बैलांचे फोटोही मोबाइलवरून फिरतात, आणि कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर बैलाचा फोटो मालकाच्या फोटोपेक्षा मोठा असतो. चुकीच्या पडद्यावर काम केलं की काजळी खिलार चुन्याने रंगवल्यासारखा छापला जातो, आणि मालक म्हणतो, ह्यो आमचा न्हवं. त्या मधल्या छटा किती उजेडाने दाखवायच्या याचा नियम असतो, त्याला गॅमा म्हणतात. एसआरजीबीच्या कामाला तो २.२ च्या जवळ हवा. मेन्यूत तेवढा आकडा निवडून भागत नाही. करड्या पट्ट्यांची एक ओळ उघडा, काळ्याकडच्या शेवटच्या दोन-तीन पट्ट्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत आणि पांढऱ्याकडच्याही.

या पट्ट्यांवरूनच मला आणि भाच्याला एकमेकांचं म्हणणं पहिल्यांदा पटलं. डाळिंबावर तेल्या रोगाचा डाग पडतो तो सुरुवातीला गडद सालीवर गडद ठिपका असतो, तेलकट, कडेने पिवळसर. एक बागायतदार फोटो घेऊन आला होता, फोटो मोठा करून कृषी अधिकाऱ्याला दाखवायचा होता. जुन्या पडद्यावर डाग लालात बुडून गेला होता, नव्यावर दिसला. भाचा मागे उभा होता. म्हणाला, "आमचा माणूस पण असाच लपतो मामा, जिन्याखालच्या अंधारात." तेल्याचा ठिपका काय आणि जिन्याखालचा शत्रू काय, पडद्याकडून दोघांना हवं तेच : अंधारातला फरक दिसला पाहिजे. गेमिंग मॉनिटरमध्ये अंधार कृत्रिमपणे उजळायची एक सोय असते, निरनिराळ्या कंपन्या तिला निरनिराळी नावं देतात. रात्री ती चालू करा, सकाळी अल्बमला बसण्याआधी आठवणीने बंद करा. माझे दोन बॅनर त्या विसरण्यात गेले.

वेगाबद्दल मी मुळात नास्तिक होतो. डोळ्याला एवढं कुठे कळतं, असं म्हणायचो. मग भाच्याने बाण धरून पडद्यावर गोल गोल फिरवून दाखवला, आधी साठवर, मग एकशे चव्वेचाळीसवर. कळतं. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक. १४४ चा दर ६.९ ला, २४० चा दर ४.२ ला. या आकड्यांकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघा : साठवरून १४४ वर गेलात तर जवळपास १० मिलिसेकंद वाचले, आणि १४४ वरून २४० वर गेलात तर तीनही नाहीत. पहिल्या उडीचे पैसे वसूल होतात. दुसऱ्या उडीचे, स्पर्धेत उतरणारा असेल त्याचेच.

कार्डाने तेवढी चित्रं पुरवली पाहिजेत हे तर उघडच आहे. मोटर तीन एचपीची आणि पाइप सहा इंची, असं करून पाणी वाढत नाही. कार्ड मध्येच दमलं की चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, त्यासाठी पडद्याने कार्डाच्या चालीने चालायची सोय असते. एनव्हीडियाचं जीसिंक, एएमडीचं फ्रीसिंक. २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डंही पुष्कळशा फ्रीसिंकच्या पडद्यांशी जमवून घेतात, तेव्हा त्यासाठी वेगळे जास्तीचे पैसे देऊ नका.

'१ एमएस' हा मात्र या बाजारातला सर्वांत लबाड आकडा. ठिपका एका करड्यातून दुसऱ्या करड्यात किती लवकर जातो ते हे माप, आणि एक मिलिसेकंद मिळवायला ठिपक्याला इतक्या जोराने ढकलावं लागतं की तो पल्याड जाऊन परत येतो. पळणाऱ्या माणसामागे मग काळ्याऐवजी पांढरी भुताटकी दिसते. मेन्यूत 'ओव्हरड्राइव्ह' मधल्या पायरीवर ठेवा आणि खोक्यावरचा एक विसरा. तसाच 'एचडीआर ४००' चा शिक्का. व्हेसा संस्थेने २०१७ च्या शेवटी काढलेल्या प्रमाणपत्रांतली ही तळची पायरी, तिच्यासाठी पडद्याचा दिवा जागोजाग वेगळा मंद करता आला पाहिजे अशी अटसुद्धा नाही. त्याचे पैसे मोजायचं कारण नाही.

आणि पिंगचं खापर मॉनिटरवर फोडू नका. गेमचा सर्व्हर मुंबईत, आपण माणदेशाच्या कडेला. मधल्या वायरीत जो वेळ जातो तो कुठल्याही पडद्याने परत मिळत नाही. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने दोन दिवस अबोला धरला.

खोलीबद्दल पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते सोडून पुढे जाऊ नका अशी विनंती. माझं दुकान पत्र्याचं, पश्चिमेला तोंड, भिंती पोपटी. चार वाजले की ऊन पोपटी भिंतीवर आपटायचं आणि पडद्यावरच्या प्रत्येक नवरीला कावीळ व्हायची, म्हणून मी तिला गुलाबी करायचो. शेवटी पडद्यामागची भिंत करडी रंगवली. शेजारच्या किराणावाल्याने काळजीने विचारलं, "रंगाला पैसे कमी पडले का?" उजेडाचंही तसंच. मॉनिटर खोक्यातून निघतो तो तीनशेच्या वर निट्सवर, डोळे दिपवणारा. छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरतात. 'फोटो काळा छापला' ही जी तक्रार रोज येते तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं : पडदा दुप्पट-तिप्पट उजळ, कागदाला स्वतःचा उजेड नाही. आणि विंडोजचा पिवळा 'नाइट लाइट' बंद करा. मी एकदा अख्खी हळद त्या उजेडात दुरुस्त केली आहे. हळदीचा समारंभ, म्हणजे विचार करा.

कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याला चिकटवून रंग मोजणारं यंत्र, घ्यावं का? एकट्याने नको. ते वर्षातून चार-सहा वेळा लागतं आणि महाग असतं. गावातल्या तीन-चार स्टुडिओंनी वर्गणी काढून एक घ्यावं आणि आळीपाळीने फिरवावं. त्याला चालवायला डिस्प्लेकॅल हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कसं वापरायचं ते शेवटच्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे. धंद्यातल्या माणसांनी एकत्र येऊन काही घ्यायचं म्हटलं की काय होतं ते मला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

विकत घेतानाच्या चार गोष्टी इथेच सांगून टाकतो, पुस्तक न वाचणाऱ्यांसाठी. खोकं उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ काढा. माझा एक पडदा कोपऱ्यात तडकलेला आला होता आणि ते कुरिअरमध्ये झालं की माझ्या हातून, यावर महिनाभर पत्रव्यवहार चालला. मग पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि तीन रंगांचे पडदे उघडून मेलेला ठिपका शोधा. सर्व्हिस घरी येऊन देतात की मॉनिटर सोलापूर-पुण्याला न्यावा लागतो ते आधी विचारा. वायर खोक्यातलीच वापरा, आणि डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच लावा, जुनी एचडीएमआय वायर १४४० वर १४४ देत नाही. आणि सगळं जोडून झालं की विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. ते आपोआप होईलच असं नाही. भाच्याच्या एका मित्राने आठ महिने १४४ चा मॉनिटर साठवर चालवला आणि सगळ्यांना सांगत होता, किती फरक पडतो म्हणून.

पुस्तकात मॉडेलची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. छापून येईपर्यंत मॉडेल बदलतं, आणि काही कंपन्या तर नाव तेच ठेवून आतला पडदा बदलतात. पण मत विचाराल तर दोन्ही कामं असणाऱ्याने २७ इंची, २५६० × १४४०, वेगवान आयपीएस, १४४ किंवा १८० हर्ट्झ, चालता एसआरजीबी मोड, असा घ्यावा. तेवढे पैसे नसतील तर २४ इंची १०८० चा आयपीएस, पूर्ण एसआरजीबीवाला. नुसताच अल्बम करत असाल तर हर्ट्झचे पैसे वाचवून भिंत रंगवा. वाकडा पडदा डिझाइनच्या टेबलावर नको, सरळ रेघ वाकडी दिसते आणि गिऱ्हाईक शेजारी बसून बघत असतं.

आमच्या दुकानात गेली काही वर्षं असाच एक पडदा आहे. त्याच्या मेन्यूत दोन कप्पे भरून ठेवले आहेत, एक 'मामा', एक 'भाचा', आणि शटर अर्धं ओढायच्या वेळी बटण दाबून बदल होतो. शालूवाल्या माउलीच्या धाकट्या मुलीचं लग्न मागच्या हंगामात झालं. तो अल्बमही आम्हीच केला. या वेळी तिने शालू आधीच आणून दिला होता.

मॉनिटर बघायला जाताना तुम्हीही असंच काही तरी पिशवीत घालून न्या : साडी, डाळिंब, मुलाचा शाळेचा शर्ट, रोज डोळ्यासमोर असलेलं काहीही. त्याचा सावलीत काढलेला फोटो पेन ड्राइव्हमध्ये घ्या. दुकानदाराला पोपट बंद करून एसआरजीबी मोड लावायला सांगा, आणि वस्तू पडद्याशेजारी धरा. तो हसेल. हसू द्या.

सांगोला